ट्रायलला पाना लावायचा नाही

बसला. पहिल्याच खेपेला बसला, आणि मला लगेच संशय आला.

खड्ड्यात उभी होते मी. गाडी डोक्यावर आणि दोन्ही हातांवर पेललेला तो शाफ्ट, इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांबलचक नळा. मूळ गाडीत तो लोखंडी आणि दोन तुकड्यांचा असतो. आमचा अ‍ॅल्युमिनियमचा, अखंड, वजनाने निम्मा. पुढचं टोक गिअरबॉक्सला आधीच अडकवलं होतं. मागचं टोक उचलून डिफरन्शियलच्या तोंडाशी, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी गड्ड्याशी नेलं आणि आता नेहमीचं सुरू होणार म्हणून दात आवळले. ढकलणं, मागे घेणं, तिरकं करून बघणं, शाफ्टला आणि धाकट्याला आळीपाळीने शिव्या घालणं. तर तसलं काहीच झालं नाही. डब्याचं झाकण लागावं तसा टप् आवाज झाला आणि टोक आपल्या जागी जाऊन राहिलं. चारही भोकं समोरासमोर. एक बोल्ट घेऊन बोटांनी फिरवला, तो शेवटपर्यंत गेला. दुसरा गेला. उरलेले दोन तर माझीच वाट बघत असल्यासारखे गेले. मी हात खाली घेतले. शाफ्ट वरच राहिला. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, तेव्हा ते अंगावरच्या डगल्याला पुसले, स्वच्छ असूनसुद्धा.

"बसला?" वरून धाकट्याने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "बघते."

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण हो म्हणायला जीभ उचलेना. धाकटा म्हणजे माझा भाऊ. चाळिशीला टेकला तरी घरात आणि वर्कशॉपमध्ये धाकटाच. तो चित्रं काढतो, मी बसवते, असं आमचं दोघांचं चालतं. चित्रं म्हणजे पार्टची ड्रॉइंगं, आणि बसवते म्हणजे त्याने कागदावर जे सरळसोट काढलेलं असतं ते खऱ्या गाडीखाली का सरळ नाही हे घाम गाळून शोधून काढते. माझा उभा जन्म यात गेला. न बसणाऱ्या गोष्टींशी माझं चांगलं जमतं. त्या कुठे अडतात, कुठे अडल्याचं नुसतं सोंग करतात, कुणाला चुचकारायचं आणि कुणाला धपाटा घालायचा हे माझ्या मनगटाला ठाऊक आहे. पण न अडलेल्या गोष्टीचं काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नाही. आई शिवणकाम करायची, अजूनही करते. लहानपणी तिच्या मशीनखाली बसून मी चिंध्या गोळा करत असे, आणि वर ती गिऱ्हाईकाला कच्च्या टाक्यातलं पोलकं घालून गोल फिरवत असे. ट्रायल हा शब्द आमच्या वर्कशॉपमध्ये आला तो तिच्याकडूनच. पहिल्याच ट्रायलला पोलकं चपखल बसलं की गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि आईचा चेहरा पडायचा. बाई गेल्यावर म्हणायची, "माप देताना पोट आत ओढलं होतं मेलीने. आता घरी जाऊन श्वास सोडेल, की येईल परत." आणि बाई परत यायचीच. त्या मशीनखाली मला दोन गोष्टी पक्क्या कळल्या. एक, टाचणी कधी टोकाकडून उचलू नये. दुसरी, पहिल्यांदाच नीट बसलं तर समजावं की कुणीतरी श्वास रोखून धरलाय.

आज श्वास कुणी रोखला होता ते मला दिसत होतं. खड्ड्याच्या काठावर धाकट्याचे बूट होते, टाचा उचललेल्या, नाड्या नेहमीप्रमाणे एक लांब एक आखूड. परगावच्या एका मोठ्या कंपनीने त्याला बोलावलं होतं. चित्रंच काढायची, पण एसीत बसून, आणि ती बसवायला वेगळी माणसं. गेल्या आठवड्यात जेवताना, पाणी मागावं इतक्या सहज तो म्हणाला होता, "या वेळी नाही बसला तर जातो, ताई. दोनदा तोंडावर पडलो. आता उगीच स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नाही." मी म्हटलं, "जा की. अडवलंय कुणी?" आणि त्याच्या ताटात भात वाढला, त्याने नको म्हटलं असतानाही. रात्री कूस बदलत मला सुचली ती सगळी वाक्यं चांगली होती. तू गेलास तर मी कुणाला शिव्या घालू, हे एक. तुझ्याशिवाय मला वर्कशॉपचं शटर उघडावंसंच वाटणार नाही, हे दुसरं. पण ती वाक्यं ताटावर बसताना आठवत नाहीत, आठवली तरी आमच्या घरात ती बोलायची सवय नाही. शाफ्ट बसला तर तो राहील, एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते अक्षरशः हातात होतं.

दोनदा तोंडावर पडलो होतो ते सरळ साध्या कारणाने. दोन्ही वेळा शाफ्ट आखूड पडला. दोन वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या, मॉडेल तेच, आणि दोन्ही ठिकाणी मागचं टोक डिफरन्शियलच्या अलीकडेच लोंबकळत राहिलेलं, मधल्या फटीतून उजेड दिसतोय. आठ मिलिमीटर. मी धाकट्याला म्हटलं तू चुकलास, तो म्हणाला तू चुकलीस, आणि दोघांनी मिळून त्या दोन गाड्यांना नावं ठेवली. माप चुकणं शक्यच नव्हतं, कारण माप बाबांच्या गाडीवरून घेतलेलं. कोपऱ्यात कापडाखाली असते ती लाल गाडी, त्याच मॉडेलची, बाबांनी भंगारातून उचलून उभी केलेली. आमच्यासाठी ती गाडी नव्हतीच, ते मोजमापच होतं. दुसऱ्यांदा तोंडावर पडल्यावर मी एका दुपारी चिडून तिच्यावरचं कापड ओढलं, चारी कोपऱ्यांतून ओळंबे सोडले, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि दोऱ्या ताणल्या. मग बराच वेळ त्या खडूकडे बघत उकिडवी बसून राहिले. मागचा सगळा सांगाडा, डिफरन्शियल, चाकं, सगळं आठ मिलिमीटर पुढे सरकलेलं होतं. बसवायची भोकं कानशीने लांबोळी केलेली, इतक्या सफाईने की ती तशीच आली असावीत असं वाटावं. आणि बाबांच्या शाफ्टच्या मागच्या तुकड्यावर, मधोमध, एक बारीक वेल्डिंगची रेघ. शाफ्ट कापून आखूड केलेला. लहानपणापासून ती मागची चाकं कमानीत जराशी पुढे बघत आलो, म्हणून आम्हाला जगातल्या बाकी सगळ्या तसल्या गाड्यांचीच चाकं मागे गेल्यासारखी वाटायची. आमची गाडी इतकी वर्षं पोट आत ओढून उभी होती, आणि आम्ही तिचं माप घेऊन दुनियेचे कपडे बेतत होतो.

गाडी मागून कुठेतरी आदळली असणार, पण बाबांच्या हातून हे कसं झालं असेल ते काही कळेना. त्यांचा हात सरळ होता. इतका सरळ, की भिंतीवर तसबीर लावायची तर शेजारीपाजारी त्यांना बोलवत. ते गाडीखाली असले की आम्हाला फक्त त्यांचे पाय आणि एक हात दिसे. हात बाहेर यायचा, पालथा नाही, उताणा, आणि आवाज यायचा, "बारा-तेरा." की आम्ही दोघं त्या पान्यासाठी धक्काबुक्की करायचो. ज्याच्या हातून पाना जाई त्याचा तो दिवस सोन्याचा. पण ट्रायल असली की हात बाहेर यायचाच नाही. बाबांचा नियम होता, ट्रायलला पाना लावायचा नाही. बोटांनी जेवढं आवळतं तेवढंच. "पाना लावून काहीही बसतं," ते म्हणायचे, "पाना लावून मी तुझ्या आत्यालासुद्धा या डिकीत बसवीन." पाना पक्क्या कामाला. आणि एकदा पाना लागला की ते काम परत खोलायचं नाही, नजर लावायची नाही, पुढचं घ्यायचं. एकदाच काय ते त्यांनी वर्कशॉपच्या आतल्या भागाला पडदा लावला होता, आणि कित्येक दिवस आम्हाला आत यायची बंदी केली होती. आम्हाला वाटलं आपल्यासाठी काहीतरी बनवताहेत. धाकट्याने सायकल मनात धरली, मी झोपाळा. पडदा निघाला तर आत लाल गाडी, होती तशीच, आणि बाबा शीळ घालत हात धुताहेत. आम्ही इतके हिरमुसलो की आईने दोघांना जवळ घेतलं, आणि आठवतंय, तीच जास्त रडवेली दिसत होती. हे सगळं त्या खड्ड्यात मला का आठवावं कुणास ठाऊक. डोक्यावर गिअर ऑइलचा तो उग्र, कांद्यासारखा वास होता आणि छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून येणारा उजेड शाफ्टवरून घरंगळत होता.

"ताई, अगं बोल की काहीतरी," धाकटा म्हणाला. "जीव टांगणीला लागलाय इथे."

"चाक फिरव."

त्याने मागचं चाक हाताने फिरवलं. शाफ्ट माझ्या डोक्यावर फिरायला लागला, चकचकीत, मुकाट्याने. मी त्याला तळहात टेकवला. थरथर नाही, खरखर नाही, फक्त थंडगार धातू हाताखालून सरकतोय. गुदगुल्या व्हाव्यात तसं हसू वर येऊ लागलं आणि मी ते दाबलं. ही गाडी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची. फिकट हिरवी, लाडावलेली. सकाळी किल्ली देताना त्या म्हणाल्या होत्या, "मी दातावर कॅप बसवते तेव्हा पेशंटला विचारते, चावून बघा, उंच लागतेय का. तुमच्याकडे कोण सांगतं हो?" मी हसले होते. आता त्या प्रश्नाने मला चांगलंच पकडलं. खरंच, कोण सांगणार? ह्या गाडीत बसला. पण आमची लाल गाडी पोट ओढून उभी राहू शकते, तर ही हिरवी कशावरून फुगून उभी नसेल? नवं माप मी काढलं होतं ते जुन्यात आठ मिळवून. ते आठ माझ्या खडूचे, माझ्या दोऱ्यांचे. खडूची रेघच मुळात किती जाड असते! आनंद माझ्या घशापर्यंत आला होता आणि मी त्याला ओळखपत्र विचारत होते. माझा स्वभावच तसला आहे. लग्नाची दोन स्थळं मी अशीच परत पाठवली. दोन्ही चांगली होती, हे मला संशयास्पद वाटलं.

"बसलाय," मी शेवटी म्हटलं, आणि वर उडी मारायच्या बेतात असलेल्या त्या बुटांना लगेच थांबवलं. "पण आनंदाने नाचू नकोस. खाली काढायचाय. आपल्या गाडीत लावून बघायचाय."

"आपल्या गाडीत?" तो खड्ड्यात डोकावला. कपाळावर आठ्या, नाकाच्या शेंड्याला काळं लागलेलं. "आपल्या गाडीत नाही बसणार तो. तूच तर मोजलंस."

"म्हणून तर. मी बरोबर मोजलं असेल तर तो आपल्या गाडीत मावणार नाही. मावला, तर माझे आठ मिलिमीटर खोटे, हा शाफ्ट नुसता ढिला आहे म्हणून इथे बसला, आणि मग…"

"मग मी जातो," तो म्हणाला. आणि खाली उतरत, "चल, धर."

शाफ्ट दोघांच्या खांद्यांवर घेऊन आम्ही वर्कशॉप ओलांडलं, तो पुढे, मी मागे. त्याचं मानेमागचं टक्कल मला पहिल्यांदाच एवढ्या जवळून दिसलं. तेवढ्यात आई आली, जेवणाचा डबा घेऊन, गळ्यात टेप तसाच, कारण तो तिच्या गळ्यातून निघतच नाही. तिने आम्हाला शाफ्ट नेताना पाहिलं आणि विचारलं, "कुठे निघाली वरात?" मी म्हटलं, "थांब, आई, आत्ता काही विचारू नकोस." ती स्टुलावर बसली आणि डबा मांडीवर धरून आमच्याकडे, नाटकाचा पडदा वर जायची वाट बघावी तशी बघत राहिली.

लाल गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवलेलीच होती, बाबांचा आखूड शाफ्ट काढून ठेवलेला. मी पाठीवर सरकत खाली गेले. इथे मला उजेड लागत नाही. या गाडीचं पोट मला माझ्या तळहातासारखं पाठ आहे. पुढचं टोक अडकवलं. बोटांनी. मागचं टोक उचललं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हटलं, बसू नकोस बाबा. बसू नकोस. ते डिफरन्शियलच्या तोंडावर जाऊन ठण् आदळलं. शाफ्टला नखभर ढील असते, तेवढी सगळी आत दाबली. तरी नाही. तिरकं केलं, खालून घातलं, वरून घातलं, गुडघा लावला. शिव्या घातल्या, सगळ्या, ठेवणीतल्यासुद्धा. माझ्या मनगटाला जे जे माहीत होतं ते ते केलं आणि तो शाफ्ट जुन्या मित्रासारखा अडत राहिला. असं अडणं किती गोड असतं ते मला माहीत नव्हतं. घामाचा थेंब डोळ्यात गेला, झोंबला, आणि मी ओरडले, "नाही बसत! धाकट्या, नाही बसत रे!"

तो पोटावर सरपटत आत आला, हातात स्टीलची पट्टी. दाबलेली ढील धरून, टोक कुठे अडलंय आणि कुठे जायला हवं होतं ते त्याने मोजलं. परत मोजलं. पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली, अंगठ्याचं नख रेघेवर. "आठ," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, सायकल मनात धरणाऱ्या पोराचा. "बरोबर आठ." आणि आम्ही दोघं त्या गाडीखाली, नाकाला नाक लागेल इतक्या अंतरावर, हसायला लागलो. हसताना डोकं आपटलं, मग त्यावर हसलो. जागा नसल्यामुळे हसू बाहेर पडेना, ते बरगड्यांतच फिरत राहिलं. आनंद झाला की मला नेहमी आधी भीती वाटते, पण तेव्हा नाही वाटली. भीतीला आत शिरायला जागाच नव्हती.

"नाही बसला ना?" आईचा आवाज. तिच्या चपला गाडीशी आल्या. "नाही बसला आणि खिदळताय काय मेल्यांनो? डोक्यावर परिणाम झाला की काय?"

आम्ही बाहेर आलो. धाकट्याने तिला सांगितलं, धापा टाकत, हातवारे करत: गाडी मागून दबलेली आहे, बाबांनी भोकं लांबवून, शाफ्ट कापून ती चालती केली, आम्हाला आजवर पत्ता नव्हता, आपण वाकडीवरून माप घेत राहिलो, आता सरळ माप मिळालं. "पण बाबांनी गाडी कुठे ठोकली असेल गं? त्यांच्या हातून साधा ओरखडा कधी आला नाही."

आईने गळ्यातला टेप काढला, बोटाभोवती गुंडाळला, परत सोडला. तिचे कान लाल झाले होते. इतक्या वयात माणसाचे कान लाल होतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "मी."

"तू?"

"शिकवत होते मला. पुढे चांगली चालवायचे मी, विचारा त्यांना." बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी ती असंच म्हणते. "मागे घ्यायला सांगितली आणि मी घेतली. जरा जोरात घेतली. ती बाहेरची भिंत आहे ना, तिच्यावर. हे बाजूला बसलेले. मला वाटलं आता ओरडतील. तर खाली उतरले, मागे जाऊन बघून आले आणि म्हणाले, 'भिंतीला काही झालेलं नाही.'" तिला हसू आवरेना, हातातला टेप हलायला लागला. "शपथ घातली मला. पोरांना कळलं तर जन्मभर चिडवतील म्हणाले. पडदा लावून बसले आठवडाच्या आठवडा. आणि झाल्यावर मला म्हणतात कसे, चल, बस परत. मीच नाही बसले. म्हटलं माझं मशीनच बरं. त्याला मागे जायचा गिअर नाही."

धाकटा खाली फरशीवरच बसला. मी त्या लाल गाडीकडे बघत होते. एवढी वर्षं आम्ही जे मोजमाप समजत होतो ती बाबांची आईवरची माया होती, कानशीने घासून सफाईदार केलेली, आणि तिच्यावरून बेतलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्याही गाडीत बसणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "चल, डॉक्टरीणबाईंची गाडी वाट बघतेय," आणि शाफ्टचं एक टोक उचललं.

परत खड्ड्यात उतरले. परत पुढचं टोक, परत मागचं. परत तोच टप्. चारही बोल्ट बोटांनी आवळले. वर आई डबा उघडत होती, झाकणाचा आवाज आला, आणि मला त्यावरूनसुद्धा हसू आलं.

"मग या आपल्या गाडीचं काय करणार?" ती धाकट्याला विचारत होती. "तशीच ठेवणार उघडी?"

"नाही गं. हिचा वेगळा बनवू. हिच्याच मापाचा, एकच पीस. बाबांच्याएवढा आखूड, पण हलका."

"कधी?"

माझे हात शाफ्टवर होते, तिथेच थांबले. बूट खड्ड्याच्या काठाशी आले, एक नाडी लांब, एक आखूड.

"पुढच्या महिन्यात," धाकटा म्हणाला. "आधी हे काम पक्कं होऊ दे. मग सवडीने. आणि बसला की तुला गाडी मागे घ्यायला शिकवतो."

"भिंत पाडून घ्या आधी," आई म्हणाली.

पुढच्या महिन्यात. मी ते शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. बरेच वेळा. कुठेच अडत नव्हते. डोळे भरून आले होते आणि पुसायचे तर हात तेलकट, म्हणून वाहू दिले. मग मी हात खड्ड्याच्या वर काढला, उताणा.

"बारा-तेरा," मी म्हटलं.